भिजवून वाळवलेली उखळीची दारू जत्रेपूर्वी उचलून नेण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय दंडाधिकारी,
भिवंडी, जिल्हा ठाणे.

विषय : मौजे कोनेरपाडा येथील गावदेवीच्या उखळीची, पुराच्या पाण्यात भिजलेली, नंतर धुतलेली, नंतर वाळवलेली व आता नव्या मालात मिसळलेली काळी दारू येत्या चैत्री पौर्णिमेआधी ताब्यात घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने एका कार्यालयात समक्ष केलेली तोंडी तक्रार (आवक क्रमांक मागूनही मिळाला नाही).
२) अर्जदाराच्या पतीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द (याचाही क्रमांक नाही).

महोदय,

अर्जदार सौ. क्षितिजा दीपेश केणे, शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्र, राहणार शेलारच्या पुढे कोनेरपाडा, ही आपणांस सविनय कळवते की सदर अर्ज तिने स्वतःच्या हाताने आणि घरातल्या कोणालाही न विचारता लिहिला आहे. न विचारण्याचे कारण पुढे येईलच. अर्जात तिने स्वतःला सगळीकडे 'अर्जदार' म्हटले आहे. 'मी' म्हणून लिहायला बसले की तिला रडू येते आणि कागद खराब होतो. तसे दोन कागद गेले.

१. कोनेरपाड्याच्या गावदेवीची पालखी चैत्री पौर्णिमेला उठते. पालखी उठताना उखळीचे सात बार होतात. उखळी म्हणजे वीतभर उंचीचे, जाड ओतीव लोखंडाचे भांडे. त्यात बंदुकीची काळी दारू भरून बार काढतात. आवाज शेलारपर्यंत जातो. सातही बार झाल्याखेरीज भोई पालखीला खांदा देत नाहीत, असा गावाचा नेम आहे. एखादी उखळी गप्प राहिली तर पेटवणाऱ्यानेच पुढे होऊन तिला बोलती करायची. हा मान केणे घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. जत्रेच्या दिवशी सकाळी पेटवणाऱ्याच्या बायकोने सातही उखळींना गोड्या पाण्याने न्हाऊ घालायचे, हळद लावायची आणि पदराने कोरड्या पुसायच्या, हाही मानाचाच भाग. दारू बाळगण्याचा परवाना अर्जदाराच्या आजेसासऱ्यांच्या नावे होता. ते वारले, आणि त्यांच्यामागोमाग परवानाही वारला. मान तेवढा राहिला.

२. तीन वर्षांपूर्वीपर्यंत उखळी पेटवण्याचे काम सासऱ्यांचे चुलतभाऊ अनंता केणे करीत. त्या साली पाचवी उखळी वाजली नाही. दारू सादळली होती असे नंतर सगळे म्हणाले, आधी कोणी म्हणाले नाही. पालखी अडली, लोक ओरडू लागले, "अनंता, झोपली काय रं तुझी?" अनंताकाका वाकून बघायला गेले, आणि तेव्हा ती वाजली. आता डावीकडचे माणूस बघायचे तर काकांना अख्खी मान वळवावी लागते. कोणी विचारलेच तर हसून सांगतात, "एक डोला देवीला दिला, एक बायकोला ठेवला." अर्जदार तेव्हा पोटुशी होती आणि पुढच्याच रांगेत उभी होती. त्या हसण्यामागे काय आहे ते तिने जवळून पाहिलेले आहे. पुढची दोन वर्षे सासरे श्री. केसरीनाथ यांनी उखळी पेटवल्या. यंदा त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. यंदा पेटवणार अर्जदाराचे पती श्री. दीपेश. अर्जाचे मूळ इथे आहे. पुढचे सगळे त्याचे फाटे.

३. गेल्या जुलैच्या पुरात खाडीचे आणि नदीचे पाणी एक होऊन घरात शिरले. घरच्यांनी तांदूळ माळ्यावर चढवले, टीव्ही चढवला, देवीचा मुखवटा चढवला, दिवाणखान्यातला सोफासुद्धा दोरीने वर ओढला. मागच्या खोलीतली दारूची दोन पत्र्याची पिंपे मात्र राहिली. पाणी ओसरेपर्यंत ती बुडून होती. पाणी गेल्यावर अर्जदाराने पहिली गोष्ट हीच सांगितली की ही दारू आता घरात नको. दीपेश पिंपे घेऊन गेला आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून आला. उन्नतीच्या, म्हणजे मुलीच्या, डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "खाडीत ओतली, क्षितू. संपला विषय." अर्जदाराने त्याचे पाय स्वतः धुतले. त्या चिखलावर तिने विश्वास ठेवला, कारण चिखल खरा होता. पिंपे खाडीपर्यंत गेलीच नव्हती. रस्त्यापलीकडे भाड्याने दिलेल्या आपल्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर गेली होती, आणि पुरानंतर त्या रस्त्यावरही तेवढाच चिखल होता.

४. यंदा होळीच्या सुमारास गच्चीवर तांदळाचे पापड घातले होते. अर्जदार ते उलटायला गेली तेव्हा उन्नती पाण्याच्या टाकीजवळ बसलेली दिसली. तिचे दोन्ही तळवे शिसपेन्सिलीने घोटल्यासारखे काळे-रुपेरी झाले होते आणि टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर तिने पंजे उठवले होते. विचारल्यावर म्हणाली, "आबांची वाळू." पापडांच्या पलीकडे, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यावर, ती दारू उन्हात पसरून ठेवलेली होती. शेजारी सुके बोंबील. अर्जदाराचे वडील भिवंडीत लूमवर काम करतात; यंत्राच्या भागांना लावायचे ग्राफाईट तिने लहानपणी त्यांच्या बोटांवर पाहिले आहे. त्यामुळे मुलीच्या हातावर काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. मुलीचे हात तिने साबणाने तीनदा धुतले. नखांत राहिले ते राहिलेच.

५. दीपेशला विचारले असता त्याने नजर न उचलता सांगितले, "ओतणारच होतो. पण बाबा बोलले, ग्राफाईटवाली आहे, तिला पाणी शिवत नाही. विकणाऱ्यानेच सांगितलं होतं तसं." हाच तो समज, ज्यापायी सदर अर्ज करावा लागत आहे, म्हणून त्याबाबत अर्जदार थोडे सविस्तर लिहिते. काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची असते. दाण्यांवर ग्राफाईटचा हात फिरवतात तो दाणे एकमेकांना चिकटू नयेत, सुळसुळीत राहावेत आणि हवेतला दमटपणा लवकर लागू नये म्हणून. तो नुसता अंगरखा आहे, छत्री नव्हे. पाण्याचे दोन थेंब टाकले तर ते क्षणभर मण्यासारखे गडगडतात, हे खरे. ते पाहूनच माणूस फसतो. पण पाणी साचून राहिले की आत शिरते, आणि सोरा मिठासारखा विरघळून दाण्याबाहेर येतो. ग्राफाईट मात्र विरघळत नाही. म्हणून आतला जीव निघून गेला तरी दाणा वरून पूर्वीसारखाच चकचकीत दिसतो. अर्जदार हे पुस्तकात शिकली होती. घरात शिकावे लागेल असे वाटले नव्हते.

६. वाळलेल्या दाण्यांवर आणि लुगड्याच्या काठावर पांढरी भुकटी उमटली होती. ती पाहून सासऱ्यांनी निदान केले, "खार लागला." केणे घराण्याने खाडीकाठची खारजमीन तीन पिढ्या कसली आहे. जमिनीवर पांढरे फुटले म्हणजे मीठ, आणि मीठ घालवायचे तर गोडे पाणी भरून सोडून द्यायचे, हे त्यांच्या हाडात आहे. पुराचे पाणी खाडीचे, म्हणजे दारूला खार लागला, म्हणजे दारू धुवायला हवी. सासऱ्यांनी दारू बारीक विणीच्या टोपल्यात घेतली आणि तांदूळ धुवावेत तशी गोड्या पाण्याने धुवायला बसले. म्हणाले, "खारजमीन तीन पाण्यांत गोडी व्हते. ही त मूठभर दारू."

अर्जदाराने त्यातले चिमूटभर पांढरे जिभेला लावून पाहिले. खारट नव्हते. गार लागले. तो सोरा होता, म्हणजे दारूची सगळी ताकद. सासरे ज्याला रोग समजून धूत होते तो जीवच होता.

महोदय, अर्जदार काही बोलली नाही. उलट हंडे भरून तीच गच्चीवर नेऊ लागली. एक झाला की दुसरा. पहिल्या पाण्यानंतर तिने विचारले, "बाबा, आणखी एक पाणी देऊ या का? खार चिवट असतो." सासूबाई सीताबाई शेजारणींना सांगत, "सून असावी त अशी. देवीच्या कामाला कंबर मोडून घेते." अर्जदाराच्या कमरेला खरेच कळा लागल्या होत्या. पण तीनाची पाच पाणी झाली असती तर त्या टोपल्यात ग्राफाईट लावलेला कोळसा-गंधकाचा चकचकीत, निरुपद्रवी चुरा उरला असता, उखळी फुसक्या निघाल्या असत्या, गाव हसले असते आणि दीपेशचे दोन्ही डोळे जागेवर राहिले असते. आपणांस यात लबाडी वाटली तर अर्जदाराची ना नाही. तिला वाटत नाही.

७. तिसऱ्या पाण्यानंतर अर्जदाराने एकच चूक केली. तिने नवऱ्याला सांगितले. ज्याच्यासाठी हे चालले आहे त्यालाच अंधारात ठेवणे तिला जड जाऊ लागले. तिने धुण्याचे पाणी ताटलीत घेऊन उन्हात ठेवले होते. त्याचे सुईसारखे लांबट स्फटिक बनले. ते तिने दीपेशला दाखवले, चाखायला दिले. त्याने चाखून डोळे मोठे केले, "अगं, गार लागतं!" सगळे विचारून घेतले, कौतुकही केले. म्हणाला, "तुझं डोकं म्हणजे ना!" मग म्हणाला, "शप्पथ, कुणाला नाय सांगत." या खेपेस हात अर्जदाराच्याच डोक्यावर ठेवला. तिला बरे वाटले. लग्नानंतर पहिल्यांदा तिची पदवी कोणाच्या तरी उपयोगी पडली, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी ती हंडा घेऊन गच्चीवर गेली तेव्हा टोपली पालथी होती. सासरे ओरडले नाहीत. हंड्याकडे बघत म्हणाले, "ठेव तो खाली. शिकलेली सून हाय आमची. दारू मारीत व्हती, आनी हंडे पन आपल्याच हातान भरीत व्हती." सासूबाईंनी त्या दिवसापासून अर्जदाराच्या हातचे पाणी पिणे सोडले आहे. तहान लागली तर स्वतः उठतात, गुडघ्यावर हात ठेवून, अर्जदारासमोरून. दीपेशला विचारले तर म्हणाला, "घरात लपवाछपवी बरी नाही, क्षितू. शेवटी बाबांची दारू आहे." लपवाछपवी हा शब्द त्याने वापरला. ज्याने पिंपे पोटमाळ्यावर लपवली, त्याने.

८. यानंतर अर्जदार एका कार्यालयात गेली. ते कोणते ते ती येथे लिहीत नाही, कारण तिला कोणाची नोकरी घालवायची नाही, दारू घालवायची आहे. तेथील गृहस्थांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, भिजली म्हणजे मेली. मेलेल्या मालाचा पंचनामा काय करायचा?" अर्जदाराने सांगितले की वाळली की ती पुन्हा पेट घेते; ओली असेपर्यंतच मेलेली असते. त्यावर त्यांनी विचार करून सांगितले, "पण तुम्हीच म्हणता वर ग्राफाईट आहे. मग भिजलीच नसेल. मग तक्रार कशाची?" भिजली म्हणून धोका नाही आणि भिजली नाही म्हणून तक्रार नाही, या दोन भिंतींच्या मधे अर्जदार कडेवर मुलीला घेऊन उभी राहिली. निघताना तिने हात जोडून विनंती केली की निदान आपले नाव घरी कळू देऊ नका. ते म्हणाले, "छे छे, बहिणीसारख्या आहात."

त्याच रविवारी ते गृहस्थ कोनेरपाड्यास जेवायला आले. कोलंबीचे कालवण अर्जदारानेच केले होते. पान वाढताना त्यांनी हसत हसत सासऱ्यांना सांगितले, "केसरीनाथशेठ, तुमच्या सूनबाई आमच्याकडे येऊन गेल्या बरं का. हुशार आहेत." आणि आणखी भात मागितला. अर्जदाराने वाढला. बहिणीने वाढावा तसा.

९. सद्यस्थिती अशी. धुणे बंद आहे. सासऱ्यांनी निम्मी धुतलेली आणि निम्मी न धुतलेली दारू एकत्र केली आहे, आणि जोर कमी पडू नये म्हणून कोठून तरी थोडी नवी आणून तिच्यात मिसळली आहे. आता तिच्यात काही दाणे रिकामे आहेत, काहींवर सोऱ्याचा थर बसला आहे, काही अगदी ताजे आहेत. सगळे सारखेच चकचकीत. ग्राफाईटमुळे कोणता कोणता हे सांगणे कोणालाच शक्य नाही. अर्जदारालाही नाही आणि विकणाऱ्यालाही नाही. अशी दारू लगेच वाजेल, वाजणारच नाही, किंवा आतल्या आत धुमसत राहून माणूस वाकून बघायला आला की वाजेल. सासऱ्यांना हे सांगितले. ते म्हणाले, "देवीला समजते कोन्ती कवा वाजवायची." अनंताकाकांना जाऊन सांगितले. त्यांनी मान पूर्ण वळवून अर्जदाराकडे पाहिले आणि म्हणाले, "पोरी, मना कशाला बोलतेस तू? दीपेशला बोल." दीपेशला पुन्हा बोलले. तो म्हणाला, "तू घाबरवू नको. हात थरथरला तर त्याला तू जबाबदार."

म्हणजे आता त्यालाही अर्जदारच जबाबदार.

१०. सबब अर्जदाराची आपणांस नम्र विनंती पुढीलप्रमाणे. चैत्री पौर्णिमेआधी आपण जाणत्या माणसांकरवी सदर दारू उचलून न्यावी. ती सध्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे, निळ्या ताडपत्रीखाली आहे. शेजारी भिंतीवर लहान मुलाचे काळे पंजे दिसतील, ती खूण. दारू खाडीत किंवा विहिरीत ओतू नये, आणि भिजवून 'निकामी' असा शेरा मारून तिथेच ठेवू नये, कारण ती दोन उन्हांत पुन्हा कामी येते, हे केणे कुटुंबाने सिद्ध केलेले आहे. देवीच्या मानाला धक्का लावावा असे अर्जदाराचे म्हणणे मुळीच नाही. नव्या परवान्याच्या, नव्या कोरड्या दारूच्या आणि जाणत्या माणसाच्या हातच्या सात उखळी वाजल्या तर ती पुढच्या रांगेत उभी राहून हात जोडील.

११. आपल्या कामाच्या व्यापात हा अर्ज पौर्णिमेनंतर आपल्यापुढे आला तर काय, याचाही अर्जदाराने विचार केला आहे. पेटवणाऱ्याची बायको म्हणून उखळींना न्हाऊ घालण्याचा मान यंदा तिचा आहे. तो नाकारायला सासूबाईंनाही रीत सापडलेली नाही. तिच्या हातचे पाणी त्या पीत नसल्या तरी देवीच्या उखळींना ते चालते. रीतीप्रमाणे न्हाण सकाळी, उखळी रिकाम्या असताना होते. आपण आला नाहीत तर सकाळी अर्जदाराची कंबर दुखेल. ती संध्याकाळी न्हाऊ घालील. उखळी भरून मांडलेल्या असतील, वात अजून कोणाच्या हातात नसेल, भोई पालखीपाशी आणि सगळे गाव समोर असेल. ती सात हंडे घेऊन जाईल आणि एकेका उखळीत एकेक हंडा ओतील. पदराने पुसणार नाही. पाण्यापुढे ग्राफाईटचे किती चालते ते गावाला त्या दिवशी दिसेल. पालखी उठणार नाही. त्यानंतर अर्जदार त्या घरात राहील की नाही हे तिला ठाऊक नाही. उन्नतीचे दोन फ्रॉक, तिची औषधे आणि अर्जदाराची पदवी एका पिशवीत घालून ठेवली आहेत. पण त्या रात्री मुलीचा बाप घरी जेवायला येईल, दोन्ही डोळ्यांनी ताटाकडे बघत, मग ताट कोणीही वाढो.

हे करण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे. आपण आल्यास अर्जदाराचे नाव गुप्त ठेवण्याची आवश्यकता नाही. त्याची काळजी इतरांनी आधीच घेतलेली आहे.

कळावे.

आपली नम्र, आणि या खेपेस उघड,
(सही)
सौ. क्षितिजा दीपेश केणे

ठिकाण : कोनेरपाडा, ता. भिवंडी
दिनांक : ७ एप्रिल २००६

सोबत :
१) कागदाच्या पुडीत धुण्याच्या पाण्याचे पांढरे स्फटिक. कृपया आधी चाखू नये. चाखलेच तर गार लागेल.
२) कोऱ्या कागदावर कु. उन्नती हिच्या उजव्या हाताचा काळा पंजा. हा मुद्दाम घेतलेला नाही. अर्ज लिहिताना तिने टेबलावर हात ठेवला, तो उठला.

प्रत माहितीसाठी :
श्री. दीपेश केसरीनाथ केणे, राहणार वरीलप्रमाणे, यांस. त्यांच्या उशीखाली ठेवली आहे. ही गोष्ट या वेळी त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये, अशी अर्जदाराची इच्छा आहे.